बासकाकाचा कान

"तू छान उभी राहतेस, वल्लरी," उलरिके म्हणाली, "पण ऐकू येत नाहीस."

घरातलं दूध संपलंय हे सांगावं तितक्या सहज म्हणाली ती. साठी उलटलेली, शाळेतून रिटायर झालेली, छातीवर अकॉर्डियन लटकवून हॉलच्या मधोमध बसलेली बाई. तिच्यामागे ड्रमवर मारेक, बाजूला क्लॅरिनेट वाजवणारे दोघे भाऊ. न्युरेम्बर्गच्या या वस्तीतल्या कुल्टुरलाडेनमधे, म्हणजे नगरपालिकेच्या छोट्याशा कलाघरात, महिन्यातून एकदा म्हाताऱ्या माणसांसाठी दुपारचा नाच असतो. हे चौघं त्यात वाजवतात. त्यांचा बासवाला वसंतात दुसऱ्या गावी राहायला गेला, तेव्हापासून नोटीसबोर्डावर 'बास हवा' अशी चिठ्ठी लागली होती. खाली फोन नंबरच्या फाडून न्यायच्या पट्ट्या. लेकीला, अन्वीला, लहान मुलांच्या नाचाच्या वर्गाला नेताना वल्लरीने ती सहा आठवडे पाहिली. सहाही आठवडे पट्ट्या जशाच्या तशा. सातव्या आठवड्यात तिने एक फाडली, आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं.

आणि आता शनिवारच्या सरावात दोन तास बोटं सोलून वाजवल्यावर हे.

"ॲम्प आहे आपल्याकडे, जुना आहे पण चालतो," उलरिके म्हणाली. "तुझ्या बासला पिकअप बसवून घे, म्हणजे तो ॲम्पला जोडता येईल. फ्युर्थचा एक माणूस आहे, इलेक्ट्रिक बासवाला. त्याला मी पुढच्या शनिवारी संध्याकाळी हो किंवा नाही कळवणार आहे. तोपर्यंत ऐकू आलीस तर तू. नाही आलीस तर तो. बरोबर ना? गेनाऊ?"

"गेनाऊ," वल्लरी म्हणाली.

घरी जाताना यू-बानमधे, भुयारी गाडीत, चाकावर उभा केलेला बास दोन्ही हातांनी धरून ती उभी होती आणि मनात वाक्य फिरत होतं. ऐकू येत नाहीस. खरं तर त्यात नवीन काय होतं. तिच्याशी आठवडाभरात बोलायचं कोण? किटामधली, म्हणजे अन्वीच्या बालवाडीतली, बाई सकाळी "गुटन मॉर्गन" म्हणायची. सुपरमार्केटमधली मुलगी "पावती हवी का?" विचारायची. नवरा, सिद्धांत, जवळच्या हेर्त्सोगेनआउराखच्या कंपनीत होता खरा, पण उन्हाळ्यापासून कंपनीच्या हंगेरीतल्या प्लांटवर नवीन लाइन उभी करत होता. सोमवारी पहाटे जायचा, शुक्रवारी यायचा. शनिवार-रविवार तो झोप भरून काढायचा आणि ती त्याला झोपू द्यायची. शनिवारचे ते दोन तासच काय ते तिचे. तेवढ्यात तिच्याकडून कुणालातरी काहीतरी हवं होतं, आणि तेही ऐकू आली तर.

बास तिच्याकडे डार्मश्टाटपासून होता. पुण्याच्या कॉलेजात ती बासगिटार वाजवायची. एम.एस.ला डार्मश्टाटला आली, तिथे युनिव्हर्सिटीच्या तळघरात हा माणसापेक्षा उंच कॉन्ट्राबास भेटला आणि गिटार सुटली ती सुटलीच. तिथून जाणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून तिने हा जुना बास घेतला. मग लग्न, नोकरी, न्युरेम्बर्ग, अन्वी. कंत्राट संपलं तेव्हा ती सातव्या महिन्यात होती, पुन्हा कुणी बोलावलं नाही. तीन वर्षं बास खोलीच्या कोपऱ्यात नुसता उभा होता, आधी जुनी चादर पांघरून. अन्वीने रांगायला लागल्यावर ती चादर ओढून काढली आणि बोलायला लागल्यावर त्याला बासकाका म्हणायला सुरुवात केली. भेटेल तो पुरुष काका, हे तिला आजीने व्हिडिओ कॉलवर पक्कं शिकवलं होतं. तिने आत्मसात केलेलं मराठी तेवढंच, असं वल्लरीला वाटायचं. कारण साडेतीन वर्षांची अन्वी सगळं मराठी समजायची आणि उत्तर नाचाच्या वर्गात, किटात उचललेल्या तुटक जर्मनमधे द्यायची. "पाणी हवं?" "नाइन, मामा." म्हणजे नको.

"मामा काय गं म्हणते तुला," सासूबाई भोसरीहून विचारायच्या. "तू काय तिच्या आईचा भाऊ आहेस?"

"किटात सगळी मुलं तसंच म्हणतात, आई."

"किटात. घरी कोण शिकवणार? आणि तो रांजण विकला का नाही अजून? खोलीत पाय ठेवायला जागा नाही पोरीला."

रांजण म्हणजे बास.

*

त्या किटाचीही एक गोष्ट होती, जी वल्लरीने कुणालाच सांगितली नव्हती.

सप्टेंबरमधे अन्वीचं आइनगेव्योनुंग सुरू झालं, म्हणजे मुलाला किटाची सवय लावायचे आठवडे. पहिले पंधरा दिवस आई आत बसते. मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, मग मूल एकटं. अन्वी पहिल्या दिवशी इतकी रडली की तिला उलटी झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतर एके दिवशी ती एकदम रडायची थांबली, जणू कुणी नळ बंद केला. किटातली बाई, केर्स्टिन, खूश झाली. वल्लरीला मात्र त्याचीच भीती वाटली. रडणारं मूल कळतं. न रडणाऱ्याचं काय करायचं?

"बोलते का ती?" तिने विचारलं होतं.

"अजून नाही. बघते खूप," केर्स्टिन म्हणाली होती. "बघणारी मुलगी आहे."

तेव्हापासून वल्लरी रोज अन्वीला आत सोडायची, तिच्यापुढे वाकून म्हणायची, "घाबरू नकोस हं. मी येते, लगेच येते." फाटकातून बाहेर पडायची, कोपऱ्यावरून वळायची आणि मागच्या गल्लीतून परत येऊन थुयाच्या झाडांच्या उंच कुंपणामागे उभी राहायची. तिथे दोन झाडांमधे एक फट होती. त्या फटीतून अन्वीच्या वर्गाची खिडकी दिसायची. अर्धा तास, पाऊण तास. अन्वी कोपऱ्यातल्या लाकडी स्वयंपाकघराशी खेळते आहे, कुणी तिला ढकललं नाही, तिने डबा खाल्ला, हे बघून झालं की मगच पाय निघायचे. नोव्हेंबर लागला तशी ती निळी लोकरीची टोपी कानांवर ओढून उभी राहू लागली. बघणारी मुलगी कुणावर गेली हे तिला नीट माहीत होतं.

*

सोमवारी दुपारी अन्वी झोपल्यावर तिने पिकअपचा शोध सुरू केला. इंटरनेटवर बासवाल्यांचे फोरम होते आणि तिथे लोक एकेका चकतीवरून वर्षानुवर्षं भांडत होते. तिने वहीत लिहून काढलं, परीक्षेला बसल्यासारखं. बासच्या तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात, ती घोडी सगळी थरथर खाली पोटाला पोचवते. पिकअपने तिथेच कान लावायचा असतो. एक प्रकार नुसता चिकटवायचा, च्युइंगगमसारख्या लगद्याने. दुसरा घोडीच्या कानात, म्हणजे तिच्या बाजूच्या खाचेत, पाचरीसारखा खोचायचा. तिसरा घोडीच्या पायाखाली. चौथा चुंबकाचा, तो लोखंडी तारांनाच चालतो, आणि तिच्या वरच्या दोन तारा आतड्याच्या होत्या. तो बाद.

मंगळवारी कुंपणामागची ड्यूटी आटोपून ती बास घेऊन ट्रामने हेर प्योलमानच्या दुकानात गेली. प्योलमान म्हणजे व्हायोलिन बनवणारा आणि दुरुस्त करणारा, कानांत पांढऱ्या केसांचे झुबके असलेला. तो आधी बासकडे बघून हसला, मग तिच्याकडे.

"चिकटवायचा लावून बघू," तो म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

लगदा मळून त्याने चकती घोडीवर दाबली. हात काढला. चकती सरकत सरकत खाली आली आणि टप्पकन बासच्या पोटावर पडली. त्याने पुन्हा दाबली. पुन्हा पडली. मग चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्याने घोडीला नाक लावलं.

"तेल?"

वल्लरीने मान डोलावली.

"आणि हे पिवळं काय आहे?"

खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सासूबाईंनी व्हिडिओ कॉल लावला होता. सासरे पद्माकर, त्यांचं भोसरीत लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप. त्या दिवशी तिथे प्रत्येक मशीन पुसून, तेलाचं बोट देऊन, हळदकुंकू वाहतात. ज्याच्यावर हात चालतो त्याची पूजा. "तुझ्याकडे काय आहे?" पद्माकरांनी विचारलं होतं. वल्लरीने लॅपटॉप दाखवला, सुरी दाखवली, आणि मग फोन बासकडे वळवला. "त्यालाही दे की," ते म्हणाले होते, "वर्षभर सुका उभा आहे बिचारा." घोडी खरंच कोरडी दिसत होती. तिने एका बोटाऐवजी चांगलं चोळून तेल दिलं होतं, वर हळद. कुणीतरी त्या बासला बिचारा म्हणालं याचंच तिला त्या दिवशी इतकं बरं वाटलं होतं.

हे सगळं तिने जर्मनमधे सांगितलं, अडखळत. प्योलमान शांतपणे ऐकत होता.

"सगळ्या मशीनना? वर्षातून एकदा?"

"हो."

"चांगली पद्धत आहे," तो म्हणाला. "मशीनसाठी."

मग तो म्हणाला की घोडीला पॉलिश नसतं, तिने तेल पिऊन टाकलंय, आता तिथे काही चिकटायचं नाही. पायाखालचा पिकअप बसवायचा तर तारा सैल कराव्या लागतील, आणि बासच्या पोटात एक लाकडी खांब असतो, तो कशानेच चिकटवलेला नसतो, नुसत्या दाबावर उभा असतो. तारा सैल केल्या की तो पडू शकतो. "ते घरी करायचं नाही. कधीच नाही." राहिला खाचेतला. त्याच्याकडे एक वापरलेला होता. पण खाच मोठी आहे, मोजून पट्टी बसवायला हवी, त्याला टेर्मिन लागेल, आधी वेळ ठरवावी लागेल.

"कधीचा?"

त्याने वही उघडली. "चार डिसेंबर."

"मला शनिवारी हवाय."

"सगळ्यांना शनिवारी हवं असतं, फ्राउ देवस्थळी," तो म्हणाला. आडनाव त्याने चार तुकड्यांत म्हटलं, पण एकही तुकडा गाळला नाही. मग तिच्या तोंडाकडे पाहून पिकअप पुढे सरकवला. "घरी करून बघा. घट्ट बसला पाहिजे, पण ठोकायचा नाही. ड्रॉवर कसा बंद होतो, तसा. सैल राहिला तर खरखरेल, फार घट्ट झाला तर घोडी चिरेल. आणि एक. हा कान आहे. तो फक्त तारा ऐकत नाही, सगळंच ऐकतो. मग तक्रार घेऊन येऊ नका."

*

पट्टी कशाची करायची यावर बुधवार गेला. पुठ्ठा दबतो, कॉर्क आवाज खातो असं फोरमवर लिहिलं होतं. लाकूडच हवं, पातळ, सरळ रेषांचं. गुरुवारी सकाळी अन्वीच्या खेळण्यांच्या डब्यात तिला ते सापडलं. मुलांच्या डॉक्टरकडची जीभ दाबायची लाकडी पट्टी. प्रत्येक तपासणीनंतर अन्वी एक मागून आणायची, एकूण नऊ होत्या. वल्लरीने दोन उचलल्या, नंतर विचारू असं ठरवलं, आणि कानशीच नव्हती म्हणून नखं घासायच्या कानशीने घासत बसली. घास, लाव, काढ, घास. नखाएवढ्या चकतीसाठी तिने दीड तास घातला. पट्टी आणि चकती एकत्र धरून खाचेत सरकवली तेव्हा ती थोडी अडली, आणि मग ड्रॉवरसारखी आत गेली. हलवून पाहिली. हलली नाही. सॉकेट तिने घोडीखालच्या तारांना चिमट्याने अडकवलं आणि वायर बासगिटारच्या दिवसांतल्या, आवाज वाढवणाऱ्या छोट्या डबीला जोडली, डबीला हेडफोन.

काही नाही. मग लक्षात आलं, हेडफोन चुकीच्या भोकात. बदलला.

आणि घर कानांत शिरलं.

तिने तारेला हातही लावला नव्हता. बासचा खालचा लोखंडी दांडा फरशीवर टेकलेला, आणि त्यातून सगळी इमारत वर येत होती. फ्रिजची घरघर. रेडिएटरमधलं पाणी, टिक टिक करत गरम होणारं. आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी चालत होतं. दोन पावलं आणि एक ठक, दोन पावलं आणि एक ठक. खालच्या फ्राउ हुबर. काठी घेऊन चालतात हे वल्लरीला माहीत होतं, जिन्यात "हालो" म्हणतात एवढंही. पण त्या घरात इतक्या चालतात हे माहीत नव्हतं. खिडकीपाशी, परत, खिडकीपाशी, परत. ती तशीच उभी राहून ऐकत राहिली. मग लाज वाटली, परक्याच्या दाराला कान लावल्यासारखी, आणि तिने तार छेडली.

सूर पोटातून आला. तीन वर्षांत तिने स्वतःला इतकं नीट ऐकलं नव्हतं.

एक नियम तिने तिथल्या तिथे केला. अन्वी घरात असताना हेडफोन लावायचे नाहीत. कान झाकले आणि पोर पडली, रडली, तर कळणार कसं? म्हणून दुपारी ती नुसतीच वाजवायची, वायर न लावता. आणि वाजवायची थांबून स्वयंपाकघरात गेली की अन्वी बासपाशी जायची. बासच्या पोटावर दोन लांब वळणदार फटी असतात, आवाज बाहेर यायच्या. त्यातली एक बरोबर अन्वीच्या तोंडाच्या उंचीवर होती. ती फटीला ओठ लावून कुजबुजायची, बराच वेळ. वल्लरी दारात आली की गप्प.

"काय सांगत होतीस गं काकाला?"

"निख्ट्स, मामा."

काही नाही.

शुक्रवारी पाच वाजता सिद्धांतचा फोन आला. "ऐक, चिडू नकोस. लाइन बंद पडलीय. उद्या पण थांबावं लागणार."

"उद्या माझा शनिवार आहे."

"माहितीये गं. आल्झो, असं कर, अन्वीला घेऊन जा ना. एक दिवस."

"घेऊन जा. ती बॅग आहे का?"

"मग कोणाकडे तरी ठेव."

"कोणाकडे?" तिने विचारलं. भांडायला नाही, खरंच विचारलं. पलीकडून मशीनचे आवाज येत राहिले.

*

म्हणून शनिवारी दुपारी ती तिघं निघाली, असं म्हणायला हरकत नाही, वल्लरी, अन्वी आणि चाकावरचा बास. एका हातात बासची मान, दुसऱ्या हातात अन्वीचा हातमोजा, पाठीवर डबा, चित्रांची पुस्तकं, कपड्यांचा जादा जोड. अन्वीला तिने हॉलच्या भिंतीशी खुर्चीवर बसवलं, मांडीवर पुस्तक ठेवलं. "इथून उठायचं नाही. मला तू दिसली पाहिजेस." अन्वीने मान हलवली. मारेकने तिला हात केला. तिने फक्त बघितलं.

वल्लरीने बास ॲम्पला जोडला. उलरिकेने चार मोजले. पहिल्या वॉल्ट्झमधे बास ॲम्पमधून इतका जाड आला की क्लॅरिनेटवाल्यांपैकी मोठा भाऊ चमकून बाजूला झाला. मग मारेकने मागे वाकून ॲम्पचं बटण जरा फिरवलं, आणि बसलं. वल्लरीला कळलं की बसलं. ड्रमच्या खाली आणि अकॉर्डियनच्या मागे एक जागा रिकामी होती, तिथे तिचा सूर जाऊन बसत होता. दुसरं गाणं झालं, तिसरं झालं. उलरिके एकदाही मागे वळून बघत नव्हती. मागच्या शनिवारी ती सारखी बघत होती.

"कॉफी," ती म्हणाली.

वल्लरीने बास खुर्चीला टेकवून उभा केला. अन्वीला भूक लागली असेल म्हणून ती हॉलच्या टोकाला, कोट टांगले होते तिथे, पिशवीतून बिस्किटं काढायला गेली. ॲम्प बंद करायचा असतो हे ती तीन वर्षांत विसरली होती.

आधी ॲम्पमधून श्वास आला. मग विहिरीतून यावा तसा, मोठा आणि घुमणारा, एक आवाज सगळ्या हॉलभर पसरला.

"बासकाका. घाबरलास?"

सगळे थांबले. मारेकचा कप हवेत राहिला.

वल्लरीने वळून पाहिलं. अन्वी खुर्चीवर नव्हती. बासपाशी उभी होती, सगळ्यांकडे पाठ करून, दोन्ही हात त्याच्या पोटावर ठेवून, फटीला ओठ लावून. आपला आवाज मागून येतोय हे तिच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा तिला तो बासकाकाचा वाटला असावा.

"रडायचं नाही हं. मी पण नाही रडत. मी रडले ना, मग आई घरी जातच नाही."

मराठी. सलग, स्वच्छ मराठी, वल्लरीच्याच चालीत, 'हं' सुद्धा तिचाच.

"आई झाडांच्या मागे उभी असते. रोज. निळी टोपी घालून. मला दिसते. पण मी बघत नाही तिकडे." एक श्वास घुमला. "तू सांगू नको तिला. तिला कळलं तर ती कुठे उभी राहणार? घरी कोणीच नाहीये तिला."

बिस्किटांचा पुडा हातात धरून वल्लरी कोटांच्या रांगेपाशी उभी होती. हॉलमधे चार माणसं होती आणि त्यांतल्या एकालाही काही कळलं नव्हतं. तिची सगळी गोष्ट, तिने नवऱ्यापासूनही झाकलेली, ॲम्पवर मोठ्याने वाचून दाखवली गेली होती, आणि ती जितकी झाकलेली होती तितकीच झाकलेली राहिली होती. कुणीतरी कळून तिच्याकडे बघावं असं तिला एक क्षण फार वाटलं. सासूबाई जरी असत्या तरी चाललं असतं.

"थांब हं इथेच," बास म्हणाला. "मी येते, लगेच येते." आणि अन्वी वळली, सगळे आपल्याकडे बघताहेत हे तिला दिसलं, आणि ती तिच्या खुर्चीकडे पळाली.

"काय म्हणाली ती?" उलरिकेने विचारलं.

वल्लरीने बासकडे बोट केलं. "बासला विचारत होती, घाबरलास का म्हणून."

"आणि?" मारेक म्हणाला. "घाबरलाय?"

"थोडासा."

"मीही घाबरतो," मारेक म्हणाला. "उलरिकेला."

सगळे हसले. वल्लरी अन्वीपाशी जाऊन गुडघ्यांवर बसली आणि बिस्किटं तिच्या हातात दिली. विचारायचं खूप होतं. पण विचारलं तर उत्तर जर्मनमधे येईल, आणि ते तिला या क्षणी चाललं नसतं. तिने नुसती तिच्या कानामागची बट सारखी केली. अन्वीने एक बिस्कीट मोडून अर्धं तिच्यापुढे धरलं.

उरलेला तास तिने कसा वाजवला हे तिलाही सांगता आलं नसतं. निघताना उलरिके अकॉर्डियन पेटीत ठेवता ठेवता म्हणाली, "त्या फ्युर्थच्या माणसाला आज नाही म्हणून कळवते. आता येतेस ऐकू." आणि पट्टा लावून झाल्यावर, "घोडी पिवळी का आहे पण?"

"मोठी गोष्ट आहे," वल्लरी म्हणाली.

"मग पुढच्या शनिवारी."

*

सोमवारी थंडी वाढली होती. वल्लरीने अन्वीचे बूट काढले, सपाता घातल्या, वाकली. "घाबरू नकोस हं," एवढं म्हणून ती थांबली. पुढचं नेहमीचं वाक्य तिने म्हटलं नाही. "मी आता घरी जाते. बास वाजवते. मग दुपारी येते."

अन्वीने तिच्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

फाटकातून बाहेर पडून वल्लरी कोपऱ्यावर वळली नाही. ती समोरच्या फुटपाथवर, उघड्यावर, थांबली, निळी टोपी घालून. वर्गाच्या खिडकीत अन्वी आली. आधी तिने सवयीने कुंपणाकडे पाहिलं, दोन झाडांमधल्या फटीकडे. तिथे कोणी नव्हतं. तिचा चेहरा एकदम लहान झाला. मग नजर सरकत सरकत फुटपाथवर आली.

वल्लरीने हात वर केला. अन्वीने काचेवर पंजा ठेवला, पाहुण्यांना करतात तसा एकदाच हलवला, आणि लाकडी स्वयंपाकघराकडे वळली.

घरी पोचली तेव्हा साडेआठही वाजले नव्हते. इतक्या लवकर ती या घरात एकटी कधी आलीच नव्हती. सकाळ समोर पसरली होती आणि तिला धरायला कुंपण नव्हतं. चहा केला, प्यायला नाही. मग बास उभा केला, वायर लावली, हेडफोन चढवले.

फ्रिज. पाणी. खाली दोन पावलं आणि एक ठक, खिडकीपाशी, परत.

तिने सगळ्यात जाड तार छेडली आणि सूर विरेपर्यंत धरून ठेवला. खालची पावलं थांबली. हेडफोनमधे आता फक्त फ्रिज आणि पाणी. तिने तक्रारीची घंटा वाजायची वाट पाहिली. वाजली नाही. थोड्या वेळाने खाली खुर्ची ओढल्याचा आवाज आला, जवळच, बरोबर तिच्या पायांखाली, आणि मग कुणीतरी बसलं.

वल्लरीने हेडफोन सारखे केले आणि दुसरा सूर लावला.